ताकवाल्या अंबूबाईचा प्रबंध

राजारामपुरीतल्या सम्राटनं इतिहास वाचला कमी आणि सांगितला जास्त. कपाळावर चंद्रकोर, कोरलेली दाढी, रीलमध्ये मागं ढोल-ताशा, आणि नावाखाली ठसठशीत ‘इतिहास अभ्यासक’. ही पदवी त्यानं बी.ए.च्या पहिल्याच वर्षी स्वतःला बहाल केली होती. खरी पदवी मात्र एवढ्या स्वस्तात मिळेना. चौथ्या वर्षी फर्मान निघालं, प्रबंध लिहा.

“प्रबंध म्हंजे काय, मोठा रीलच की!” म्हणत गड्यानं विषय दिला, ‘पन्हाळ्याची रणरागिणी अंबूबाई ताकवाली’. हा त्याचा सगळ्यात गाजलेला रील. गनीम चोरवाटेनं चढून आला, अंबूबाईनं पायऱ्यांवर रांजणभर ताक ओतलं, गनीम घसरला आन् गड वाचला! ताकावरून अख्खी फौज कशी काय घसरली बाबा, असं एकानंही विचारलं नाही. लोकांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली, बास.

मार्गदर्शक अनुजा मॅडम मात्र एकाच शब्दावर अडल्या. “संदर्भ?”

“सगळ्यांस्नी ठाव हाय की, मॅडम.”

“मग सगळ्यांचा पान नंबर लिहा.”

संदर्भ नाही तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. इकडं वडिलांनी तर साऱ्या भाऊबंदांत आधीच डंका पिटलेला, पोरगं प्राध्यापक होणार म्हणून.

संदर्भ कुठं मिळेल, हे सम्राटला पुरतं ठाऊक होतं. कुठंच नाही! पहिल्या वर्षी मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेलता, तेव्हा पायरीवर सांडलेल्या ताकावरून हाच पठ्ठ्या सगळ्यांदेखत पाठीवर आपटला. हसून हसून पोरांची मुरकुंडी वळली. झालेली शोभा झाकायला यानं उठल्या उठल्या मोबाईल काढला आणि तिथल्या तिथं अंबूबाईला जन्म दिला. घसरलेला गनीम तो स्वतःच!

तरी बेट्याची आशा सुटेना. एवढ्या थोरल्या इतिहासात निघाली एखादी अंबूबाई तर? गेला पुन्हा पन्हाळ्याला. बघतो तर काय, त्याच पायऱ्यांपाशी शेंदूर फासलेला दगड, त्याला हिरवी साडी, पुढं बांगड्यांचा ढीग. शेजारी अक्काताई म्हणून एक म्हातारी ताक विकत बसलेली.

“मावशी, ह्यो दगड कधी बसवला?”

“बसवला?” म्हातारी कडाडली. “पावणं, कुठलं म्हनायचं तुमी? माझ्या आजेसासूच्या सासूनं पुजलाय ह्यो. अंबूबाईचा रांजण हुता हितं. चपला काढा आदी!”

सम्राटनं मुकाट्यानं चपला काढल्या. म्हातारीपुढं ‘ही बाई मीच रचलीया’ म्हणायची छाती कुणाला?

मग त्यानं ग्रंथालय गाठलं, तेही पहिल्यांदाच. गेल्या वर्षी छापलेल्या दोन पुस्तिकांत अंबूबाई चक्क सापडली! आनंदानं तळटीप बघितली. पहिलीनं दुसरीचा हवाला दिलेला. दुसरीत लिहिलं होतं, ‘तरुण इतिहास अभ्यासक सम्राट यांच्या सौजन्याने’.

आता मात्र तो हादरला. थाप मारणं सोपं होतं, ती छापलेली बघणं अवघड. घरी येऊन त्यानं अंबूबाईच्या पराक्रमाचं तिसरं प्रकरण सगळं खोडलं आणि सरळ लिहिलं, ‘अंबूबाई कधीच झाली नाही. ती मी रचली. कशी रचली आणि लोकांनी कशी खरी मानली, ते पुढे देत आहे.’ मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. “सम्राट, आज तू इतिहासाचा विद्यार्थी झालास,” म्हणाल्या. पोरगं हवेत तरंगायला लागलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, खांद्यावरची शाल सावरत. त्या वाक्यापाशी आले आणि लालबुंद झाले.

“ही तू रचलीस, याला पुरावा?”

“मीच की, सर!”

“तू सांगितलीस, एवढंच रीलवरनं कळतं. रचलीस हे कशावरनं? लहानपणी कुठंतरी ऐकली असशील, विसरला असशील. आणि त्या दुसऱ्या पुस्तिकेला प्रस्तावना कुणाची आहे, बघितलंस?”

बघितलं होतं. सरांचीच होती.

“प्रकरण बदल. ‘लोकपरंपरेनुसार’ घाल, प्रथम श्रेणी देतो. नाहीतर पुढच्या वर्षी ये.”

सम्राटनं आशेनं मॅडमकडं बघितलं. मॅडम चहावरची साय काढण्यात गढून गेलेल्या. “सर ज्येष्ठ आहेत,” एवढंच पुटपुटल्या. सम्राटला वडिलांचा चेहरा दिसला, भाऊबंद दिसले, आणि गडी मोडला.

“घालतो की, सर,” म्हणाला आणि घातलं.

निकाल लागला, वडिलांनी चौकात फ्लेक्स लावला. लगोलग पन्हाळ्याहून अंबूबाई उत्सवाचं बोलावणं आलं, प्रमुख वक्ते म्हणून. सम्राट भाषणाआधी पायऱ्यांकडं गेला, तर दगडापुढं बारावीची एक पोरगी वह्यांचं दप्तर ठेवून डोळे मिटून बसलेली. त्याला राहवलं नाही.

“बाळ, घरी जाऊन अभ्यास कर. ही बाई कधी नव्हतीच.”

पोरगीनं डोळे उघडले, त्याला पायापासनं डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि फणकाऱ्यानं म्हणाली, “तुमास्नी काय कळतंय हो? तिच्यावर प्रबंध झालाय, फर्स्ट क्लास मिळालाय त्याला!”