गादीवाल्याची झोप

गादीवाल्याला झोप येत नव्हती, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायची सोय नव्हती. गिऱ्हाइकांनी टिंगलच केली असती. म्हणून बिचारा जांभया गिळायचा आणि लाल डोळ्यांचं खापर कापसाच्या धुळीवर फोडायचा.

पण एके दिवशी एका बाईने नवी गादी परत आणली. आत लांब सुई राहिली होती. कुणाला टोचली नव्हती, तरी त्याने दुकानातली एकूण एक गादी पुन्हा चाचपून पाहिली. पाळण्यातल्या बाळांच्या गाद्याही तोच शिवायचा. झोप सुधारली नाही तर दुकान बंद करायचं, असं बायकोला सांगून तो डॉक्टरकडे गेला.

“संध्याकाळनंतर चहा नको. सकाळी उठायची वेळ एकच ठेवा,” डॉक्टर म्हणाले. “आणि दिवसा झोपू नका.”

“दिवसा मी दुकानात असतो,” तो जरा दुखावूनच म्हणाला.

त्याने चहा सोडला, गजर लावला. फरक काही पडेना. मग एका दुपारी, त्याचा घरी राहिलेला डबा घेऊन बायको दुकानात आली, तर महाशय नव्याकोऱ्या गादीवर घोरत पडलेले.

“अहो, हे काय?”

“गादी तपासतोय. आत गाठ राहिली तर पाठीलाच कळते.”

“घोरत तपासता?”

त्याला ते खरंच काम वाटत होतं. शिवून झालेली प्रत्येक गादी तो स्वतः आडवा होऊन पारखायचा. रात्रीची झोप उडाल्यापासून हे पारखणं लांबत चाललं होतं, एवढंच.

“आजपासून मी तपासते,” ती म्हणाली. “तुम्ही शिवत बसा.”

तो कुरकुरला, पण ती सुई काही डोक्यातून जात नव्हती. बायको गादीवर आडवी झाली. “डावीकडे कापूस जरा कमी भरलाय,” म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा डोळा लागला.

थोड्या वेळाने ती बारीक घोरू लागली. त्याच्या हातातलं काम थांबलं. हा आवाज त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. रात्री तो कुशी बदलायचा, उठून पाणी प्यायचा, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेली असायची. बायको किती सुखी, म्हणून तो तिचा हेवा करायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती नुसते डोळे मिटून पडत होती तर. त्याला तिची फार माया आली, आणि स्वतःची लाजही वाटली.

तेवढ्यात गिऱ्हाईक दारात आलं. “झाली का माझी गादी?”

त्याने ओठांवर बोट ठेवलं, आणि बाहेर येऊन आवाज न करता शटर अर्धं खाली ओढलं.

“उद्या या,” तो हळूच म्हणाला. “आज नाही द्यायची ती.”