माझा डबा फुटलाच नाही

मी डूख धरणारा माणूस आहे. आमच्या लग्नात ज्या मावससासऱ्यांनी मला मानाचा नारळ द्यायचं विसरून तो कॅटरिंगवाल्याच्या हातात ठेवला, त्यांच्याशी मी अजून मोजकंच बोलतो. पण माझा सगळ्यात जुना राग एका पत्र्याच्या डब्यावरून आहे. तो राग मी चाळीस वर्षं सांभाळला होता, आणि गेल्या महिन्यातल्या एका रविवारी तो माझ्या हातातून गेला.

लहानपणी आम्हा दिल्लीतल्या मराठी मुलांचं एक उन्हाळी शिबिर भरायचं. मे महिन्याच्या शेवटी, दहा दिवस, पानिपतच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या बागेत. निम्मी मुलं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमधली, निम्मी माझ्यासारखी, कँटोन्मेंटमधल्या फौजींची. शिबिर गुरुजी चालवायचे. ते खरे गुरुजी नव्हतेच. एका मंत्रालयात कारकून होते आणि वर्षभर साठवलेली रजा आमच्यावर उधळायचे. पहाटे सूर्यनमस्कार, मग लाठी, मग पोहणं, दुपारी झाडाखाली पंगत. एक दिवस काला अंबला, पानिपतच्या रणभूमीवर, पायी जायचं. पहिल्या वर्षी मी तिथे पोचल्यापासून आंब्याचं झाड शोधत होतो. समोर नुसता दगडी खांब. गुरुजी म्हणाले, झाड केव्हाच गेलं, ही त्याची आठवण. तेव्हा मागून एकाने विचारलं, “मग आंबे कोण नेतं?” लढाईबद्दल गंभीरपणे सांगत असलेले गुरुजी तोंडावर उपरणं धरून बराच वेळ उभे राहिले.

पण शिबिर म्हटलं की आम्हा सगळ्यांना आठवतो तो हौद. बागेला पाणी द्यायला बांधलेला, लांबरुंद, आणि ट्यूबवेलच्या टोकाला आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलाचेही पाय टेकायचे नाहीत इतका खोल. गुरुजींनी आम्हाला पोहायला शिकवलं ते त्यांच्या गावच्या पद्धतीने, पाठीला डबा बांधून. वनस्पती तुपाचा पाच किलोचा रिकामा डबा, झाकण डाग देऊन बंद केलेलं. तो सुती दोरीने पाठीवर आवळला की मुलगा बुडत नाही, नुसता हातपाय मारत राहतो.

खरी गंमत पुढे होती. एखादा मुलगा तयार झाला असं गुरुजींना वाटलं की पहाटे ते त्याच्या डब्याला खिळ्याने दोन भोकं पाडायचे आणि अंघोळीच्या साबणाने बुजवून टाकायचे. मुलगा पाण्यात उतरला की साबण हळूहळू विरघळायचा, डबा भरत जायचा आणि त्या मुलाला पत्ता नसायचा. डबा आपल्याला तारतोय अशा भरवशावर तो हौद पार करायचा. गुरुजी हातभर अंतरावर पोहत असायचे. पलीकडे पोचल्यावर ते डबा सोडून त्याच्या कानाशी हलवायचे. आत पाणी गुडगुडायचं. मग ते सगळं पाणी त्याच्याच डोक्यावर ओतायचं आणि आम्ही ओरडायचं, “डबा फुटलाऽऽ!” त्या दिवशी पंगतीत पहिलं वाढप त्याला. डबाही त्यालाच मिळायचा. क्वार्टरांच्या गॅलऱ्यांमध्ये तसे कितीतरी डबे होते. आया वरचा पत्रा कापून त्यात तुळस लावायच्या. खाली भोकं आयतीच असायची.

कधीतरी आपलाही डबा फुटणार हे प्रत्येकाला माहीत असायचं. कोणत्या दिवशी, एवढंच कळायचं नाही.

मला मात्र इतरांचा दिवस कळायचा. पहिल्याच वर्षी, दुसऱ्या दिवशी, गुरुजींनी माझ्या हातात दोरी दिली आणि म्हणाले, “आजपासून सगळ्यांच्या गाठी तू बांधायच्या.” त्यांनी मला निरगाठ शिकवली, ओढली तर आणखी आवळणारी. सुरगाठ म्हणजे एका टोकाला हिसका दिला की सुटणारी. “नाड्याला सुरगाठ, पाठीला निरगाठ,” असं ते रोज बजावायचे आणि मी बांधलेली प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघायचे. डबा हातात आला की भोकांवरचा ओला साबण मला दिसायचा. मी चेहरा दगडासारखा ठेवून गाठ मारायचो. तीन उन्हाळे मी एकाही मुलाला काही कळू दिलं नाही.

माझा डबा गुरुजी स्वतः बांधायचे. मी रोज हात मागे नेऊन पत्रा चाचपायचो. साबण कधीच लागला नाही. तिसऱ्या वर्षी माझ्याहून लहान मुलांचे डबे फुटले. शेवटच्या दिवशीसुद्धा माझा डबा ठणठणीत होता. मग वडिलांची बदली झाली आणि आम्ही दिल्ली सोडली.

मी काय समजायचं ते समजलो. गुरुजींच्या लेखी मी भित्रा. पुढे नोकरीसाठी दिल्लीत परत आलो, द्वारकेला घर घेतलं. आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. मुलीला क्लास लावून शिकवलं. मी स्वतः उथळ टोकाला दांडी धरून उभा असतो आणि ट्रेनरला सूचना देत असतो. मला वाटायचं, गुरुजींनी बरोबर ओळखलं होतं. त्याचाच जास्त राग यायचा.

तर गेल्या महिन्यातला तो रविवार. शिबिराच्या जुन्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातला एकजण गाझियाबादला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं आणि मुख्य म्हणजे गुरुजींना आणलं होतं. आम्ही आठजण, पोटं सुटलेले, केस गेलेले, कुणी आयटीत, कुणी बँकेत. गुरुजी सोफ्याच्या कोपऱ्यात ताठ बसले होते. नव्वदीला आलेत, ऐकायला कमी येतं, पण प्रत्येकाला त्यांनी बापाच्या खात्यावरून ओळखलं. “तू कृषी मंत्रालय. तू रेल्वे.” माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “तू फौज. गाठी.”

जेवण झाल्यावर यजमानाने गॅलरीतून आपला डबा आणला. गंजलेला, तुळशीसकट. मग काय, प्रत्येकजण आपला डबा कसा फुटला ते सांगायला लागला.

“अरे यार, मला वाटलं मगर आली मागून! पाठ एकदम भारी झाली.”

“मी तर पलीकडे पोचून रडलो होतो. बिल्कुल रडलो.”

मी हसत होतो, पण आतून तडतडत होतो. तेवढ्यात यजमान म्हणाला, “आणि हा एकटाच राहिला ना? याचा कधी फुटलाच नाही!”

“कसा फुटणार? याला सीक्रेट माहीत होतं ना. गाठी तोच बांधायचा.”

“आपल्यालाही माहीत होतंच की. दिवस नव्हता माहीत.”

सगळे हसले. कुणाच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण माझा तोल गेला. एक्कावन्न वर्षांचा माणूस मी, टीम सांभाळतो, आणि तिथे उभा राहून ओरडलो, “गुरुजी, माझा डबा का नाही फोडलात तुम्ही?”

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. त्यांनी हातातली वाटी शांतपणे खाली ठेवली.

“आई आहे का रे तुझी?”

“आहे. माझ्याकडेच असते.”

“तिला विचार.”

“पण गुरुजी, तुम्ही सांगा ना.”

“मी शब्द दिला होता,” ते म्हणाले. “त्यातून अजून मला कुणी सोडवलं नाही.” आणि त्यांनी पुन्हा वाटी उचलली.

गाझियाबादच्या वैशाली स्टेशनहून द्वारकेपर्यंत एकच मेट्रो, सव्वा-दीड तासाची. अख्खा रस्ता मी आईवर चिडायचा सराव करत होतो. घरी पोचलो तेव्हा ती डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“आई, शिबिरात तू गुरुजींना काय सांगितलं होतंस?”

तिने मान वर केली नाही. “बोलले का ते?”

“नाही बोलले. तुला विचार म्हणाले.”

“अच्छा.” तिने एक काडी बाजूला टाकली. “इतकी वर्षं शब्द पाळला म्हणायचा.”

मग ती सांगू लागली. मेथी निवडणं चालूच होतं. तिचा एक धाकटा भाऊ लहानपणीच गेला एवढं मला ठाऊक होतं. तापाने गेला, असं आम्हाला सांगितलेलं. तो तापाने गेला नव्हता. गावात विहिरीवर पोरं डबा बांधून पोहायची. एका दुपारी मोठं माणूस कुणी नव्हतं. भावाने हट्ट धरला आणि नऊ वर्षांच्या आईने त्याच्या पाठीवर डबा बांधून दिला.

“मला वेणीची रिबीन बांधता यायची,” ती म्हणाली. “तशीच बांधली. सुरगाठ. डबा वर आला आणि तो आला नाही.”

मी खुर्चीवर बसलो. वाकून चपला काढल्या.

“वडील तुझे सीमेवर. तू शिबिराचा हट्ट धरलेला. नाही म्हटलं असतं तर जन्मभर पाण्याला घाबरला असतास. तसा मला नको होतास. पण मला धीर होईना. मी एकटी सरोजिनी नगरला गेले गुरुजींच्या घरी. सगळं सांगितलं, गाठीचंसुद्धा. तुझ्या वडिलांनाही कधी गाठीचं सांगितलं नव्हतं. म्हटलं, शिकवा त्याला, पण मी सांगेपर्यंत त्याचा डबा फोडू नका.”

“आणि तू सांगितलंच नाहीस.”

“नाही झालं माझ्याकडून.” मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तू गप्प गप्प यायचास तिथून. दिसायचं मला. तरी नाही झालं.”

म्हणजे गुरुजींना सगळं माहीत होतं, आणि ते ऐकून घेतल्यावरच त्यांनी माझ्या हातात दोरी दिली होती. मी ते काम म्हणजे भित्र्या पोराची समजूत काढणं मानत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या दोघांबद्दल माया दाटून आली.

“आई,” मी कसंबसं म्हणालो, “तिथे सगळ्या मुलांच्या गाठी कोण बांधायचं, माहीत आहे?”

“गुरुजीच बांधत असतील.”

“मी बांधायचो. तीन वर्षं. सगळ्यांच्या.”

तिचे हात थांबले. मेथीची जुडी तशीच मुठीत राहिली.

“तू?”

“गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तू बांध म्हणून.”

तिने अगदी हळू विचारलं, “सुटली का रे एखादी?”

“एकही नाही, आई.”

“एकही?”

“एकही नाही.”

तिने मेथी खाली ठेवली. उठून आतून आपली सुती ओढणी आणली. अलीकडे ती सलवार-कुर्ता घालते, दिल्लीची थंडी आणि गुडघे, दोन्हींमुळे. ओढणी माझ्यापुढे धरून पाठमोरी उभी राहिली. “बांधून दाखव.”

मी तिच्या खांद्यावरून आणि कमरेवरून ओढणी घेतली आणि पाठीवर गाठ मारली. चाळीस वर्षांनी बांधत होतो, पण हात चुकले नाहीत. तिने दोन्ही हात मागे नेले, बोटांनी गाठ चाचपली आणि टोकं धरून ओढली. पहिल्यांदा हलकेच, मग सगळा जोर लावून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दम लागला तिला. गाठ आणखीच आवळली.

“घट्ट आहे,” ती म्हणाली. मी पुढे होऊन गाठ सोडायला लागलो तर म्हणाली, “राहू दे जरा वेळ.”

ती तशीच, ओढणी बांधलेली, खुर्चीवर बसली. डोळे पुसले. मेथी पुढे ओढली.

“गुरुजींना फोन लाव,” ती म्हणाली. “म्हणावं, फोडा आता.”