भय्यासाहेबांना सवाष्ण हवी

हिंदी मुलखातल्या गढा वस्तीतले भय्यासाहेब टेंबे म्हणजे नकार द्यायलाच जन्माला आलेला माणूस. तोफगोळ्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस. ती सवय घरीही आली. सदर बाजारातला चहा नापास, टीव्हीवरचे पुढारी नापास, मुलाची बंगलोरची नोकरी नापास. पास फक्त बायको, विनताबाई.

दीड वर्षापूर्वी विनताबाई वारल्या. भय्यासाहेबांनी ते मरणच नापास करून टाकलं. विधी सगळे केले, पण ‘ती गेली’ हे शब्द काही तोंडातून काढले नाहीत. कोणी विचारलंच तर, "घरी नाहीये." त्यात एक अक्षर खोटं नाही! घरात मात्र कुकरच्या शिट्टीखेरीज दिवसदिवस कोणी बोलत नसे.

पितृपक्षात अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. गेल्या वर्षी त्यांनी ती गुडघेदुखीवर ढकलली. यंदा मुलानं, यशोधननं, फोनवर बजावलं, "बाबा, आईसाठी एवढं कराच."

समोर सहा महिन्यांपूर्वी सलोनी नवऱ्यासोबत राहायला आली होती. मराठी घरातलीच, पण बोलता बोलता हिंदीत घसरणारी. इस्त्रीचा सदरा घालून भय्यासाहेब तिच्या दारात उभे राहिले.

"उद्या दुपारी जेवायला ये. पुरणाचं करून राहिलो."

"अच्छा! काकीजी आल्या का? किती दिवस मुलाकडे राहून राहिल्या!"

"मुलाकडे? कोण म्हणालं?"

"तुम्हीच तर म्हणता, घरी नाहीये. काहून, तिकडे नाहीत का?"

आली पंचाईत! कोणाच्या नावानं जेवायचं हे न सांगता सवाष्णीला पाटावर बसवण्याइतके ते लबाड नव्हते. घसा खाकरून झाला, चष्मा पुसून झाला. मराठीत शब्द फुटेना. शेवटी हिंदीत म्हणाले, "वो गुजर गई, बेटा. उसी के नाम का खाना है."

सलोनीनं ओढणी डोक्यावर घेतली. "येते, काकाजी."

आली. पोळ्यांतून पुरण बाहेर पडलेलं. तरी "एक और" म्हणत जेवली. ओटी भरायला घरात बाई नाही, म्हणून भय्यासाहेबांनी खण-नारळ पाटावर ठेवले. तिनं ते आपणच उचलले, नमस्कार केला आणि गेली.

मग त्यांनी स्वतःचं पान वाढून घेतलं. एकटेच जेवले. हात धुऊन फोन लावला.

"यशोधन, आई गेली रे."

आईला खांदा दिलेला यशोधन म्हणाला, "हो, बाबा."

"बरं. कळवावं म्हटलं."

मग बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.