उजव्या पंखाचे पाच जण

वाट बघणं मला कधी जमलंच नाही. आमच्या कोळीवाड्यात सगळे भरती-ओहोटीच्या हिशोबानं जगायचे आणि मी किनाऱ्यावर येरझाऱ्या घालायचो. त्यात मॅट्रिक झालेलो, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. त्या हिवाळ्यात मुंबईच्या गोदीतून कारकुनीचं पत्र आलं. हजर व्हायची तारीख उद्याचीच, सकाळी दहाला, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र चार दिवस उशिरा पोचलेलं आणि आगबोट पहाटेच निघून गेलेली.

बा होडीवरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. मी पत्र वाचून दाखवलं. तो "बरं" म्हणाला आणि दोर वळत बसला. मला तेही सहन झालं नाही.

गावामागं एका शेठजींनी भातखाचरांचे बांध फोडून विमानासाठी पट्टी केली होती. पट्टी कसली, ढेकळांचा रस्ता! शेठजींना उतरवून विमान रिकामं मुंबईला परतणार हे कळताच मी धावत सुटलो. वैमानिक पारशी, मोठा दिलदार. म्हणाला, "बस. पन उलटी केली तर तूच पुसायची."

विमानाला ब्रेक नव्हते, पट्टी आखूड. म्हणून इंजिन पुऱ्या जोरात येईपर्यंत दोन्ही पंख माणसांनी धरायचे आणि वैमानिकानं हात खाली केला की एकदम सोडायचे, असं ठरलं. डाव्या पंखाला खाचरांवरचे पाच कुणबी राहिले. उजव्याला बा आणि त्याचे चार खलाशी. आता, होडी पाण्यात लोटताना तांडेल "सोडा" म्हणत नाही तोवर आमच्यात कोणी हात काढत नाही, मग समोरून लाट येवो की साक्षात देव येवो. हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

इंजिन गरजलं. माझे दात वाजत होते, पाय शिवशिवत होते. एकदाचं निघू दे, एवढंच मनात. वैमानिकानं हात खाली केला. कुणब्यांनी सोडलं. उजवीकडे कोणीच सोडलं नाही. चौघे खलाशी बाच्या तोंडाकडे बघत होते आणि बा माझ्याकडे.

विमान उजवीकडे गर्रकन फिरलं आणि पट्टीबाहेरच्या बांधावर आदळलं. चाक मोडलं, पुढच्या पंख्याचे तुकडे उडाले, माझा डावा खांदा निखळला. वैमानिकाच्या कपाळातून रक्त येत होतं तरी मी जिवंत आहे ना, हेच तो विचारत होता, "जीवतो छे ने?" बा पंखाबरोबर फरफटत आला होता. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

नोकरी गेली. पंधरा दिवस मी बाशी बोललो नाही. शेवटी जेवताना तोंड सुटलंच.

"त्यानं हात खाली केला, दिसला न्हाय तुला?"

"दिसला."

"मग?"

"सोडा म्हनायचं व्हतं." बा ताटात बघत म्हणाला. "पर तू आत व्हतास. त्वांडातून निंगालंच न्हाय."

पंधरा दिवस मी कडू बोलणी घोकून ठेवली होती. लाज वाटली, पण रागही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या एका जागेसाठी अर्ज लिहिला. खांद्यामुळे मला अजून घराबाहेर पडवत नव्हतं, म्हणून तो टपालात टाकायला बा गेला. पेटीपाशी बराच वेळ तो पाकीट हातात धरून उभा होता, असं पोस्टमास्तर मागाहून म्हणाले. पण टाकलं त्यानं.