डॉक्टरांचा मेंढा

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले आणि डावा हात वर. तो हात वर गेला, की तुमचा हुद्दा काहीही असो, गप्प उभं राहायचं.

"श्श. बोलतोय."

मग डोळे उघडून ते निदान सांगायचे. "आतली कडी गेली आहे. दोन आठवडे चालेल." आमच्याकडे कंप मोजायची महागडी यंत्रं होती. तीही हेच सांगायची, पण जेवणाच्या सुट्टीनंतर. म्हणून सौदीतल्या यान्बूच्या आमच्या कारखान्यात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. इंग्लंडमधल्या एका मेंढ्यांच्या खेड्यात वाढलेला, चाळीस वर्षं आखातात पंप दुरुस्त करणारा हा गृहस्थ. उन्हाने भाजून लाल झालेला, कपाळावर हेल्मेटची कायमची रेघ.

मी तिथे शटडाउन प्लॅनर आहे. कारखाना बंद ठेवायचे दिवस, कामं, माणसं, क्रेन, सगळ्याच्या याद्या करणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. डॉक्टर आणि मी एकाच कंपाउंडमध्ये राहायचो, त्यांच्याच गाडीतून कामावर जायचो. बावीस मिनिटांचा रस्ता. त्या बावीस मिनिटांत मी एक कविता तीन चालींत ऐकली, आणि ती सुमारे दोन वर्षं ऐकत राहिलो.

त्यांचे पणजोबा शेतमजूर होते. गावच्या बोलीत कविता करायचे. त्यातली एक शहरातल्या संगीतकारांच्या हाती लागली आणि एकाने नव्हे, तिघांनी ती पियानोवर बसवली. मला नवल वाटलं. "एकच कविता तिघांना का लागली?" मी विचारलं.

"पंप एकच असतो," डॉक्टर म्हणाले, "कान निराळे."

कवितेची गोष्ट साधी. एक लाजाळू तरुण शेजारच्या शेतावर मुलगी मागायला जातो. मुलीचा बाप दार उघडतो. तरुणाची जीभ टाळूला चिकटते. "काय हवंय?" "तुमचा... तुमचा मेंढा." आणि बिचारा तरुण मुलीऐवजी मेंढा ओढत घरी येतो. पहिल्या संगीतकाराने मेंढ्याचं कडवं गाळलं होतं, त्यामुळे उरला नुसता विरह. दुसऱ्याने ठेवलं, पण गायकाचे उच्चार इतके धुतलेले, की मेंढाही कॉलेजात गेलेला वाटावा. तिसऱ्याची चाल डॉक्टरांना आवडायची. तिच्यात पियानोचा डावा हात मेंढ्यासारखा अडून अडून चालतो. तो भाग आला की ते स्टिअरिंगवर बोटं आपटायचे.

आमचा फिटर कणकवलीकडचा. पिकलेल्या मिशा, वीस वर्षं कॅम्पात, आणि मालवणी सोडून दुसरं काही बोलायचं नाही हा बाणा. मीही कुडाळचाच, पण घरी प्रमाण मराठी बोलतो, मुलगी इंग्रजीत उत्तर देते. त्यावरून तो मला सोडत नसे. "तुमी आता पुण्याचे झालास." एकदा त्याने डॉक्टरांच्या फोनवर पहिली चाल ऐकली आणि टोपी काढून हळूच विचारलं, "साह्यबानू, कोण मेलो?"

मी भाषांतर केलं. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बघ, याला कळलं," म्हणाले.

त्यांच्या फायनल एक्झिटची, म्हणजे कायमचं मायदेशी परतायची, तारीख ठरली त्याच महिन्यात गावाहून निरोप आला. गावच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, तिसरी चाल गायची होती. त्याआधी कुणीतरी पूर्ण कविता म्हणावी, पणजोबा म्हणत तशी. आजवर हे काम त्यांचा थोरला भाऊ करायचा. तो गेल्या वर्षी वारला होता. आता त्या घरात ती बोली येणारे डॉक्टर एकटेच. त्यांनी लगेच होकार कळवला.

आणि मग गाडीत पहिलं कडवं म्हणायला गेले, तर येईना. शब्द पाठ होते, तोंडच बसत नव्हतं. "मी नाटकातल्या शेतकऱ्यासारखा बोलतोय," ते म्हणाले.

मी काय करणार? यादी केली. रोज जेवणानंतर दहा मिनिटं, सुट्या भागांच्या खोलीमागे, आठवड्याला दोन कडवी. तक्ताही केला: पहिलं कडवं ऐंशी टक्के, दुसरं पन्नास. डॉक्टर आज्ञाधारकपणे येत आणि बातम्या वाचल्यासारखी कविता म्हणत. तीन आठवड्यांनी तक्ता शंभर टक्क्यांवर होता आणि कविता होती तिथेच. कागदावर पूर्ण आणि जागेवर अपूर्ण, अशी कामं मी आयुष्यभर पकडत आलो. हे मात्र माझंच होतं.

मग शटडाउन आला. एका मोठ्या पंपाची जुळणी चालू होती. डॉक्टर मापं घेत असताना फिटरने बोल्ट आवळायला घेतला. डॉक्टरांनी त्याचा पाना धरला. फिटर भडकला.

"वीस वर्सां ह्येच बोल्ट आवळतंय मी! तुझो तो कान ठेव थंय आणि माका काम करूक दी!"

डॉक्टरांनी उलट उत्तर दिलं. ते इंग्रजी मी कधी ऐकलं नव्हतं. जाड, घशातलं, शब्दांना चिखल लागलेलं. फिटर मालवणीत, डॉक्टर आपल्या गावच्या बोलीत, दोघं मिनिटभर कडाडून भांडले. आजूबाजूचे फिलिपिनो हातातली कामं टाकून बघत राहिले. मग डॉक्टर एकदम थांबले. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली.

"हा माझ्या भावाचा आवाज होता," ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझा तक्ता रद्द. जेवणानंतर फिटर समोर बसायचा आणि आपल्या आंब्याच्या कलमांबद्दल, विहिरीवरून भांडणाऱ्या चुलत्याबद्दल मालवणीत सांगायचा. डॉक्टर उत्तरादाखल एक कडवं म्हणायचे. भाषांतर करायला मला सक्त मनाई होती.

"चाळीस वर्षं मी सगळ्यांना कळावं म्हणून बोललो," डॉक्टर म्हणाले. "कोरियन, सौदी, तुम्ही. शब्द घासून गुळगुळीत केले. याला माझं काहीच कळत नाही. म्हणून मोकळं बोलता येतं."

जाताना त्यांनी स्क्रूड्रायव्हर फिटरला दिला.

उन्हाळ्यात फोनवर चॅपलची चित्रफीत आली. डॉक्टर सुटात, हात पाठीमागे. सुरुवात केली, आणि आवाज तोच, बोल्टवरून भांडणारा. मेंढा यायच्या एक ओळ आधीच मागच्या बाकावर कुणी म्हातारी खुदकन हसली, मग सगळं चॅपल. माझ्याशेजारी पंपाला टेकून बघणारा फिटरही हसला.

"तू का हसलास? कळलं काय?"

"नाय. पण ती हसली मा?"

मग मी त्याला पहिल्यांदा गोष्ट सांगितली. त्याने मेंढ्यापर्यंत नीट ऐकून घेतली आणि गंभीर झाला. "पण चेडू गावला की नाय?"

मुलगी मिळाली की नाही! दोन वर्षांत हा प्रश्न माझ्या एकाही यादीत नव्हता. मी तो तसाच डॉक्टरांना पाठवला. तासाभराने उत्तर आलं.

"दुसऱ्या दिवशी तो मेंढा परत करायला गेला. दार मुलीने उघडलं. ती माझी पणजी."

मी वाचून दाखवलं. फिटरने मान हलवली, म्हणजे ठीक, हिशेब लागला. मग त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगवर ठेवलं, मूठ कानाशी नेली आणि डोळे मिटले. मी काहीतरी विचारणार, तोच त्याचा डावा हात वर गेला.

"श्श. बोलता हा."