विंगेतली अट

मध्यभारत हे राज्य संपून नवा मध्य प्रदेश व्हायचा होता, त्या वर्षी आमच्या मंडळाच्या नाटकात पहिल्यांदाच एक बाई काम करणार होती. ती माझी बायको.

मंडळ म्हणजे उज्जैनमधली मराठी घरं. काही शिंद्यांच्या दरबारासोबत आलेली, काही आमच्यासारखी नोकरीमागे आलेली. क्षिप्रेवर कार्तिकातला मेळा भरला की मंडळाचं नाटक व्हायचं. या खेपेचं मंडळातल्याच एका वकिलांनी लिहिलं होतं. मी प्रॉम्प्टर. अभिनय मला येत नाही, पण शब्द इकडचा तिकडे झालेला मला खपत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे.

तालीम टावर चौकाजवळच्या एका शाळेत व्हायची. पडद्यामागे स्टोव्हवर माझी बायको सगळ्यांसाठी पोहे करायची. वर बारीक शेव आणि चिमूटभर जिरावन. हा मसाला पाहून पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात. आम्हाला त्याशिवाय पोहे गळ्याखाली उतरत नाहीत. नायिकेचं काम बँकेतले एक गृहस्थ वर्षानुवर्षं करत आले होते. एका तालमीत ते मध्येच अडले. मी पान शोधतोय, तोवर पडद्यामागून कालथ्याच्या आवाजासकट पुढचं वाक्य आलं.

सगळे हसले. बँकवाल्यांनी डोक्यावरचा पदर काढून खुर्चीवर टाकला.

"वहिनींना सगळंच पाठ दिसतंय. मग मी कशाला मिशी उतरवू? शालूही आता कमरेला पुरत नाही यार!"

ते थट्टेत बोलले, पण तिने नाही म्हटलं नाही. घरी वडिलांना विचारावं लागलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मला म्हणाले, "तू विंगेत असणार ना? मग करू दे. नवरा समोर असला की कोणाला बोलायला जागा नाही."

ही अट मला तेव्हा अटच वाटली नाही. मी तर दरवर्षी तिथेच असायचो.

ती काम कसं करायची हे मला नीट सांगता येणार नाही. मी वहीत डोळे घालून बसायचो. एवढं खरं, की तिच्या प्रवेशांत मला तोंड उघडावं लागायचं नाही आणि बाहेरच्या ओट्यावर चहा पीत बसलेली मंडळी आत येऊन उभी राहायची.

मग ऑफिसात हुकूम आला. आमचा विभाग नव्या राजधानीच्या ऑफिसात मिसळणार होता. मला भोपाळला हजर व्हायचं होतं, आणि तेही नाटकाच्या आधी. मी साहेबांकडे मुदत मागितली. कारण घरगुती लिहिलं. नाटक लिहिण्याचा धीर झाला नाही. साहेब सज्जन होते.

"बाबूजी, मेरा खुद का सामान बँध रहा है. मैं किससे कहूँ?"

नाटक आधी करावं, तर मेळ्याआधी जागा मिळत नव्हती. रजा घेऊन यावं, तर नव्या ठिकाणी हजर होताच रजा मिळणार नव्हती. राहिले वडील. मी म्हटलं, "ती नाटकापुरती मागे राहील. तुम्ही आहातच."

"मी शब्द फिरवलेला नाही," ते म्हणाले. "तू चाललास. मी काय विंगेत बसू या वयात?"

ती आत भाकऱ्या थापत होती. हाताचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

काम परत बँकवाल्यांकडे गेलं. ते स्वतः आमच्या घरी आले आणि ओशाळून दारातच उभे राहिले. "वहिनी, आता तुम्ही जसं करत होता तसं मला शिकवा. मी करायचो तसं आता लोक बघणार नाहीत." तिने त्यांना शिकवलं. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, सगळं. एक वाक्य मात्र त्यांना जमेना. शेवटी नायिका घर बळकावायला आलेल्या दिराला म्हणते, "दार मी लावते. आधी तुम्ही बाहेर व्हा." ते ओरडून म्हणत, नाहीतर रडत. ती दर वेळी नाही म्हणून मान हलवायची. शेवटी सामान बांधायची वेळ झाली आणि ते वाक्य तसंच राहिलं.

स्टेशनवर मंडळी आली. कुणी बाट्यांसारखे बाफले बांधून आणि डाळ डब्यात भरून आणली होती. बँकवाले गर्दीतून वाट काढत खिडकीशी आले.

"वहिनी, फक्त तेवढं एकदा म्हणून दाखवा. तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की झालं."

ती सरळ बसली. तोंड उघडलं, आणि तिला फलाटावर, खिडकीपाशी डाळीचा डबा धरून उभे असलेले वडील दिसले. ते रागात नव्हते. पण तिने पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

बँकवाले माझ्याकडे वळले. "मग तुम्ही सांगा. तुम्ही तर शंभरदा ऐकलंय."

मी सांगितलं. शब्दन् शब्द बरोबर होता. प्रॉम्प्टर सांगतो तसा.

"असं नाही हो," ती पुटपुटली.

वडिलांनी डबा खिडकीतून माझ्या हातात दिला आणि गाडी हलली. बँकवाले थोडं अंतर बरोबर चालले, मग मागे पडले. डब्यात जागा करून घेतल्यावर मी तिला विचारलं, मग कसं? ती म्हणाली, "डबा सरळ धरा, डाळ सांडतेय."

पुढेही मी कितीदा विचारलं. तिने ते मला कधीच म्हणून दाखवलं नाही.