सातव्या नियमातला ‘कोणीही’

आजही घराला कुलूप लावताना माझा हात थांबतो. दार ओढून घेण्याआधी मी आत तोंड करून विचारतो, कोणी आहे का आत? घरात आम्ही दोघंच, आणि बायको पिशवी घेऊन पायरीवर उभी असते. "मी इथं, तुम्ही तिथं, आता कोणाला शोधताय?" असं ती दर वेळी म्हणते. ही सवय कशामुळे लागली ते तिला पक्कं ठाऊक आहे, तरी चिडवायचं सोडत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो, ठाणं माझ्या ताब्यात होतं. मूळचा मी सोलापूरकडचा. अंगात वर्दी, डोक्यात राग आणि सगळं जग सरळ रेषेत उभं करता येतं असा समज. नावं लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात.

गावाबाहेर धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना लागून एक कॉलेज होतं. कौलारू जुनी इमारत, तिला जोडून नवी सिमेंटची, गच्चीवर पाण्याची टाकी. चौकीदाराची जागा मंजूर होती, पण भरलेली नव्हती. पावसाळ्यात तिथं पोरांची हाणामारी झाली आणि प्राचार्यांनी मला शिस्त समितीवर बोलावलं. शिस्त हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. दोन संध्याकाळी बसून आम्ही नऊ नियम केले. सायकली कुठं लावायच्या, पान-तंबाखू कुठं थुंकायची नाही, नळ उघडा टाकायचा नाही. मुलींच्या खोलीत पोरं डोकावतात अशी तक्रार होती, म्हणून तिथल्या खिडक्या विटांनी बुजवून वर फक्त झरोका ठेवायचा, हेही मीच सुचवलं. सातवा नियम आवाजाचा होता. प्राचार्यांच्या मसुद्यात "विद्यार्थ्यांनी इमारतीत मोठ्याने हाका मारू नयेत" असं होतं. मी "विद्यार्थ्यांनी" खोडून "कोणीही" केलं. नियम सगळ्यांना सारखा हवा, असं म्हणालो. प्राचार्यांनी मान डोलावली, चहा आला. मला मोठं काही केल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. रविवारी संध्याकाळी एक प्राथमिक शिक्षक ठाण्यात आले. बौद्ध कुटुंब, शेजारच्या गावचे. घराण्यातली पहिली मुलगी कॉलेजात शिकत होती, रोज एस.टी.ने जायची यायची. ती शनिवारी घरी आलीच नव्हती. सुट्टी लागली म्हणून परस्पर मामाकडे कोंढ्याला गेली असेल, असं घरच्यांना वाटलं. दिवसभर प्रवास करून शिक्षक कोंढ्याहून हात हलवत परत आले होते. मिसिंग, म्हणजे हरवल्याची नोंद, दाखल करताना ते सारखे एकच सांगत होते, की साहेब, माझी मुलगी तशी नाही. मी त्यांना काही विचारलंही नव्हतं. पण गावात तोपर्यंत बोलणं सुरू झालं होतं, आणि ते त्या माणसाच्या कानावर पडलं होतं.

मी हवालदाराला कॉलेजवर पाठवलं. त्यानं येऊन स्टेशन डायरीत नोंद केली: "फाटक व इमारतीची कुलपे शाबूत." मी खाली सही ठोकली. कुलूप बाहेरून शाबूत म्हणजे आत कोणी नाही, हा पोलिसी हिशेब. कोणी आत शिरलं नाही एवढंच त्यातून कळतं, हे तेव्हा सुचलं नाही.

सोमवारी मैत्रिणींचे जबाब घेतले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शनिवारी दुपारी तिच्या अंगात ताप होता, ती मुलींच्या खोलीत बाकावर पडून होती, त्या बस गाठायला निघून गेल्या. मग तिला शेवटचं बघणारा कोण? कॉलेजचा शिपाई. पन्नाशीचा, शेतकरी घरातला, चेहऱ्यानं गरीब. शनिवारी पाच वाजता त्यानं इमारत बंद केली, किल्ल्या प्राचार्यांना दिल्या आणि प्राचार्य सहकुटुंब नागपूरला गेले. मुलगी एकटी, इमारत रिकामी, कुलूप याच्या हातात. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. ते चित्र किती घाणेरडं होतं हे आज लिहितानाही लाज वाटते.

शिपायाला ठाण्यात आणून बसवलं. काहीही विचारा, त्याचं एकच उत्तर होतं, "साहेब, मी नियमानंच कुलूप लावलं." मुलगी पाहिली का? नाही, मी नियमानंच कुलूप लावलं. खोल्या बघितल्या का? हो, नियमानं. आरोपी एकच वाक्य धरून बसला की ते वाक्य त्याला कोणी पढवलेलं असतं, असा माझा अनुभव होता. मी त्याच्या कानाखाली एक दिली. त्यानं गालावर हात ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाला.

त्याच वेळी बाहेर ठाणे अंमलदारासमोर एक म्हातारा शेतकरी तावातावानं बोलत होता. आवाज आतपर्यंत येत होता. "कालेजचं पानी माह्या बांधीत शिरून राहिलं, कडपा सारा भिजला." कडपा म्हणजे कापून बांधीत पसरलेला धान. वर्षाचं पोट असतं त्यात, त्याचा संताप खरा होता. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी दारातूनच ओरडलो, की इथं पोरगी हरवलीय आणि तुम्हाला धानाचं पडलंय, प्राचार्यांना जाऊन सांगा. अंमलदारानं अदखलपात्र म्हणून नोंद घेतली, म्हातारा पुटपुटत निघून गेला. दुपारनंतर पाणी आपोआप थांबलं, म्हणून तो परत आला नाही.

मंगळवारी सकाळी मी शिपायाला पुन्हा समोर घेतलं. रात्रभर शिक्षक ठाण्याच्या पायरीवर बसून होते, त्यांना ओलांडून आत यावं लागलं होतं. मला स्वतःचाच राग येत होता. मी शिपायाला म्हटलं, नियमानं, नियमानं लावलंय तू. तुझा नियम तरी सांग. काय काय करतोस, एकेक बोल.

तो बोटं मोजायला लागला. पहिलं पंखे. मग दिवे. मग वऱ्हांड्यातल्या साऱ्या नळाच्या तोट्या स्वतः पिळून बंद. मग वऱ्हांड्याच्या खिडक्या. मग कुलूप.

"आणि खोल्यांत डोकावत नाहीस?"

"पोरांच्या खोल्यात पायतो. पोरींच्या खोलीत मी कसा जाऊ साहेब? गड्यामानसानं जाऊ नये, थे बी नियमात आहे."

"मग आत कोणी नाही हे तुला कसं कळतं?"

दोन दिवसांत पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं.

"पयले आवाज देत होतो साहेब. रोज, तीनदा. कोनी आहे का अंदर, म्हनून. पोरी अंदरून म्हनत, कोनी नाही दादा. मंग हासत बाहेर येत. मंग सुट्टीच्या आठ दिस आंधी थे सूचना लागली. हाका मारू नये. मी हापिसातल्या बाबूले इचारलं, मले बी लागू आहे का? थे म्हने, कोणीही म्हंजे कोणीही. मंग मी आवाज देनं सोडलं."

त्याच्या कानाखाली मी काल दिली होती, आज त्यानं हात न उचलता परत केली. पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट डोक्यात आली. नळ. यानं बाहेरच्या सगळ्या तोट्या पिळून बंद केल्या होत्या. मग सोमवारी त्या म्हाताऱ्याच्या बांधीत पाणी कुठून आलं? राहिला मुलींच्या खोलीतला नळ, आणि तो शनिवारपासून उघडा असता तर पाणी रविवारीच बांधीत आलं असतं.

बंद इमारतीत तोटी आपोआप उघडत नाही.

मी काय ओरडलो मला आठवत नाही. जीपमध्ये शिपाई, हवालदार आणि न विचारताच चढलेले ते शिक्षक. किल्ल्या नागपूरला, म्हणून फाटकाचं आणि वऱ्हांड्याचं कुलूप सब्बलीनं तोडलं. मुलींची खोली अगदी मागच्या टोकाला होती. दार बाहेरून कडी-कुलूप. ते तोडताना आतून काहीच आवाज आला नाही.

ती बाकाखाली, भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेले, दोन्ही हातांच्या मुठी सुजलेल्या. दारावर आतून रक्ताचे डाग होते. डोळे उघडे होते. जिवंत होती. शिक्षक तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. शेजारी एक बादली होती, तळाशी वीतभर पाणी. कोपऱ्यातल्या मोरीच्या नळाची तोटी पूर्ण उघडी होती, त्यातून थेंबही पडत नव्हता.

दवाखान्यात तिनं तुटक तुटक सांगितलं. जाग आली तेव्हा अंधारलं होतं. ती ओरडली, पण खिडक्या बुजवलेल्या, आणि झरोक्यातून आवाज जाऊन जाऊन किती जाणार. रविवारी दिवसा मागच्या बांधीत बाया धान कापताना बोलत होत्या, ते तिला ऐकू येत होतं. तिचं त्यांना ऐकू जात नव्हतं. रविवारी रात्री तिनं डोकं चालवलं. आधी बादली भरून घेतली आणि मग तोटी मोकळी सोडली. मोरीचं पाणी बांधीत जातं हे धानाच्या मुलखातल्या पोरीला माहीत असतं. धान भिजला की मालक येणार, चिडणार, ठाण्यात जाणार, आणि कोणीतरी येऊन बघणार. अठरा वर्षांच्या तापलेल्या पोरीनं एवढा विचार केला होता. तिचा निरोप बरोबर माझ्या दारापर्यंत पोचला. मीच तो हाकलून दिला होता, आणि टाकी रिकामी झाली होती.

मी विचारलं, बाळ, पाच वाजता कॉलेज बंद होतं हे माहीत असून तू झोपलीस कशी?

ती म्हणाली, "दादा आवाज देतेत ना. मी आठ दिस तापानं घरी होती, पन त्याच्या आंधी रोज आयकत होती. बिना आवाजाचं कुलूप लावतच नाहीत. म्हनून मी बिनघोर झोपली."

शिपाई दाराबाहेर उभा होता, त्यानं हे ऐकलं.

मी त्याची माफी मागितली, ठाण्यातल्या सगळ्यांसमोर. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तुमचं बी काई चुकलं नाही साहेब. नियमच होता." इतक्या वर्षांत मला कोणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. म्हाताऱ्याच्या बांधीवरही गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काळा पडलेला कडपा हातानं उलटा केला आणि पोरगी कशी आहे एवढंच विचारलं.

गुन्हा कोणावर दाखल करायचा? वरिष्ठांना अहवाल पाठवला, त्यात शिस्त समितीचा सदस्य म्हणून माझं नाव लिहिलं. डायरीतल्या दोन्ही नोंदींच्या नकला जोडल्या. मला लेखी समज मिळाली. ती कमीच होती. प्राचार्य परतल्यावर आम्ही दोघं मिळून वऱ्हांड्यात लावलेली नियमांची फ्रेम खाली काढली, आणि सातवा नियम मी माझ्याच पेनानं खोडला. खिडक्यांच्या विटाही काढायला लावल्या, गजांवर पडदे आले.

गुन्हेगार शोधायची मला सवय होती. एखादं घाणेरडं काम घाणेरड्या माणसानंच केलेलं असतं, असं धरून मी चालत होतो. इथं सगळे सरळ होते. नियम करणारा, तो टाइप करणारा, तो पाळणारा. पोरं तर सातव्या नियमानंतरही बिनधास्त कोकलत होती. तो नियम अक्षरशः पाळला एकाच माणसानं, आणि नेमकी त्याचीच हाक गरजेची होती. कागदावर शब्द खोडणाऱ्यानं त्या इमारतीत संध्याकाळी पाच वाजता एकदा तरी उभं राहायला हवं होतं. मी राहिलो नव्हतो.

सुट्टी संपली. मुलीला आता शिकवायचं नाही, असं घरातले म्हणत होते. मुक्कामी राहिलेल्या पोरीबद्दल लोक काय बोलतात हे शिक्षकांनी मला सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. चहा पिऊन परत आलो.

महिन्याभरानं एका संध्याकाळी मी पाचच्या सुमारास कॉलेजच्या फाटकाशी जीप उभी केली आणि वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिलो. शिपाई हातात कुलूप घेऊन मागच्या टोकाकडे चालला होता. मुलींच्या खोलीसमोर तो थांबला, घसा खाकरला.

"कोनी आहे का अंदर?"

एकदा. दोनदा. तीनदा.

आतून एकच आवाज आला, बारीक, जरा घोगरा. मी तो दवाखान्यात ऐकला होता.

"कोनी नाही, दादा."

शिपाई कुलूप हातात धरून तिथंच उभा राहिला, ती वह्या छातीशी धरून बाहेर येईपर्यंत. मी डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीच्या आतला घाम उगाचच पुसत बसलो.